सुगंधी झाड घरात आणलं की डोकं दुखतं आणि कळ्याही गळतात: नेमकं कुठे बिघडतं?

तक्रार अशी. थंडी पडली किंवा पावसाची झड लागली की गॅलरीतला मोगरा, अनंत, रातराणी आपण घरात घेतो. पहिल्या रात्री घर घमघमतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी उठल्या उठल्या कपाळ चोळत म्हणतं, "डोकं जड झालंय." कुणाला शिंका, कुणाला खोकला. मग झाड रात्रीपुरतं बाहेर आणि सकाळी परत आत, अशी वारी सुरू होते. आठवड्याभरात कुंडीखालच्या ताटलीत हिरव्यागार कळ्या पडलेल्या दिसतात, काल रात्री धडधाकट होत्या त्याच. वैतागून झाड कायमचं बाहेर जातं. पुढच्या वर्षी पहिल्यापासून तेच.

मी हे ओळीने तीन वर्षं केलं. चौथ्या वर्षी खिडकीत एक जुनी वही ठेवली आणि रोज सकाळी दोन ओळी लिहिल्या: रात्री खिडकी उघडी की बंद, किती फुलं उमलली, कुणाला काय झालं, किती कळ्या पडल्या. महिन्याभराने कळलं की मी ज्याला एक तक्रार समजत होते त्या चार होत्या, आणि त्यातली एक तर माझ्या उपायानेच तयार झाली होती.

झाडावर आळ घेण्याआधी

आमच्याकडचं ठरलेलं निदान: "झाडं रात्री ऑक्सिजन खातात, म्हणून गुदमरतं." हे नवऱ्याचं मत, आणि तो ते दरवर्षी नव्याने शोध लागल्यासारखं सांगतो. झाडं रात्री श्वसन करतात हे खरंच आहे. पण मोठा माणूस दिवसभरात एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, आणि कुंडीतलं मोगऱ्याचं झाड रात्रभरात सोडून सोडून एखाद-दुसरा ग्रॅम. हवेचाच प्रश्न असेल तर झाडापेक्षा शेजारी घोरणारा माणूस गॅलरीत ठेवणं जास्त गुणकारी ठरेल.

गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा तिथेच आहे. झाडं आपण घरात कधी घेतो? बाहेर गारठा किंवा पाऊस असतो तेव्हा. आणि त्याच दिवशी खिडक्याही बंद करतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) आसपास असतो. दारं-खिडक्या लावून दोन माणसं झोपली की सकाळपर्यंत तो आकडा 2000 च्या पुढे सहज जातो. तोंड कोरडं, डोकं जड, झोप पुरी न झाल्यासारखं वाटणं हे सगळं एकही झाड नसलेल्या खोलीतही होतं. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या आणि दोष एकीच्याच माथी मारला.

उलट बाजूचा समजही इथेच निकालात काढते. "झाडं हवा शुद्ध करतात, उलट बरंच आहे" असं म्हणणारे नासाच्या 1989 च्या प्रयोगाचा दाखला देतात. तो प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. अशा अनेक प्रयोगांची फेरमोजणी 2019 मध्ये झाली, तेव्हा घराच्या नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. म्हणजे हवेच्या बाबतीत कुंडी ना तारते ना मारते.

तर पहिली तपासणी. दोन रात्री झाड न ठेवता खिडकी बंद करून झोपा. पुढच्या दोन रात्री झाड आत आणि खिडकी चार बोटं उघडी. मग दोन रात्री झाड आत, खिडकी बंद. या सहा रात्रींत बाकी काहीही बदलू नका. नवी उदबत्ती, नवा फिनाइल, झाडावर फवारणी, काही नाही. माझ्या वहीत झाड नसतानाही बंद खिडकीच्या दोन्ही सकाळी "जड" असा शेरा आहे. मोगरा आत आणि खिडकी चार बोटं उघडी, तेव्हा काही नाही. नवऱ्याचं डोकं मोगऱ्याने दुखत नव्हतं, बंद खोलीने दुखत होतं. (त्याने हे अजून मान्य केलेलं नाही.)

माझं डोकं मात्र वासानेच दुखत होतं

रातराणी खोलीत असली की झोपायच्या आधीच, तासाभरात, माझ्या डाव्या भुवईवर ठणका सुरू व्हायचा. खिडकी उघडी असो वा बंद. ज्यांना मायग्रेन आहे त्यांना हे नवीन नाही. तीव्र वास हे अर्धशिशी उठवणाऱ्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. दमा असलेल्यांनाही उग्र सुवासाने छाती आवळल्यासारखं होऊ शकतं. याला पराग जबाबदार नसतात. ही फुलं कीटकांसाठी असतात, त्यांचे पराग जड आणि चिकट, हवेत फारसे उडत नाहीत. त्रास होतो तो वासाच्या रसायनांचा.

मोगऱ्याच्या वासात बेंझिल ॲसिटेट, लिनालूल, इंडोल अशी मंडळी असतात. यातलं इंडोल मोठं लबाड आहे. चिमूटभर असलं तर फुलाला खोली देतं, जास्त झालं की डांबरगोळीची आठवण करून देतं. मोकळ्या अंगणात लांबून पतंगांना बोलावण्यासाठी झाड जेवढा वास सोडतं, तेवढाच ते दहा बाय दहाच्या खोलीतही सोडतं. आणि आपलं नाक पंधरा-वीस मिनिटांत त्याला सरावतं. "आता वास येत नाही, कमी झाला असेल" असं वाटतं तेव्हा तो बहुतेक वाढलेलाच असतो. खात्री करायची तर पाच मिनिटं घराबाहेर जाऊन परत या.

इथे माझा जुना उपाय म्हणजे झाड उचलून बाहेर नेणं. तो चुकीचा का, ते कळ्यांच्या भागात येईल. आता करते ते असं: झाड जागेवर ठेवायचं आणि वास हलवायचा. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. त्याआधी, साडेचार-पाचच्या सुमाराला, टपोरलेल्या आणि पांढऱ्याशुभ्र झालेल्या कळ्या ओळखायला सोप्या असतात. हिरवट झाक असलेल्या अजून एक-दोन दिवस थांबणार असतात. त्या टपोऱ्या कळ्या नखाने देठाशी खुडायच्या, ओल्या कपड्यावर पसरून वाटीत ठेवायच्या आणि वाटी बैठकीत न्यायची. खुडलेली कळीही रात्री उमलते, वास देते. झोपायच्या खोलीत झाड असलं तरी वास तिथे राहत नाही. दोन-तीन फुलं झाडावर राहिली तरी मला चालतं. दहाच्या वर गेली की भुवई बोलते. तुमचा आकडा तुम्हीच शोधायचा.

रातराणीला ही युक्ती लागू पडत नाही. तिचे बारीक नळीसारखे झुबके शेकड्यांनी येतात, खुडणार किती? माझं स्पष्ट मत: रातराणी घरात ठेवायचं झाड नाहीच. गॅलरीत, आणि तीही खिडकीपासून लांब. याला वासापलीकडेही एक कारण आहे, ते पुढे.

सासूबाईंचा खोकला: फुलांचा संबंधच नव्हता

वहीतली सगळ्यात चमत्कारिक नोंद ही. मोगऱ्याला आठ दिवस एकही फूल नव्हतं, तरी सासूबाई पहाटे खोकत होत्या. मी म्हटलं, "आई, झाडाला फूलच नाही, तर वास कुठून लागणार तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "वास नाही गं, कोंदट येतंय काहीतरी. तळघरासारखं."

कुंडी उजेडात नेऊन पाहिली. मातीवर पांढरी, कापूस पिंजल्यासारखी बुरशी. ताटलीत बोटभर पाणी. बाहेर उन्हावाऱ्यात जे पाणी दोन दिवसांत सुकायचं, ते आत आठवडाभर तसंच राहत होतं, आणि मी मात्र सवयीने रोज घालत होते. ही बुरशी झाडाला सहसा मारत नाही, पण दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाच्या उशाशी ती नको. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती काढून टाकली (खिडकीशी, नाकाला फडकं बांधून), वर जाडसर वाळू पसरली, आणि पाणी घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचं असा नियम केला. ओल लागली तर पाणी नाही. चौथ्या दिवशी खोकला थांबला.

मातीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर तीही याच जास्तीच्या ओलीची. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या थरात राहतात. आहेत का हे पाहायला कच्च्या बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसतील. चकती फेकायची, नवी ठेवायची, आणि माती वरून सुकू द्यायची. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट कागद. ताटलीतलं पाणी रोज ओतून टाका, नाहीतर चिलटांच्या जागी डास होतील. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

एक सावधगिरी नवीन माती भरतानाची. कंपोस्टची पिशवी तोंडासमोर धरून फाडू नका. बंद पिशवीतल्या ओलसर कंपोस्टमध्ये लेजिओनेला जातीचे जिवाणू असू शकतात आणि त्याची धूळ श्वासात गेली तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं. पिशवी बाहेर उघडायची, आधी पाण्याचा शिपका मारायचा, नंतर हात धुवायचे.

फवारणीबद्दल थोडक्यात: बंद खोलीत कसलीच फवारणी नको. कडुनिंबाच्या तेलाचा उग्र वाससुद्धा डोकं धरतो, आणि आपण म्हणतो मोगऱ्याने दुखलं. फवारायचं ते बाहेर, सुकल्यावर आत. लाल कोळी ही बारीक कीड असेल तर पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालायला लागले तर तीच ती. तिला पहिला उपाय म्हणजे पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, औषध नंतर.

आता कळ्या का गळतात

पडलेली कळी फेकू नका, हातात घेऊन बघा. देठाच्या सांध्यापाशी स्वच्छ तुटलेली, हिरवी, निरोगी कळी म्हणजे झाडाने ती स्वतः सोडली आहे. कळीला बारीक भोक आणि आत काळपट चुरा म्हणजे कळी पोखरणारी अळी. अशा सगळ्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका. पाकळ्यांच्या कडा करपून तपकिरी झाल्या असतील तर कळी हलक्या हाताने सोलून बघा, आत इवल्याशा काड्यांसारखे फुलकिडे असतील.

आमच्या ताटलीतल्या सगळ्या पहिल्या प्रकारच्या होत्या. झाडाला अचानक बदल सोसला नाही की ते आधी कळ्यांवर पाणी सोडतं, कारण कळी हा खर्च आहे आणि पान ही कमाई. आणि मी काय करत होते? रोज रात्री उबदार खोलीतून गार गॅलरीत, रोज सकाळी उलट. दिवसाला दोन धक्के. डोकं दुखू नये म्हणून केलेला उपाय कळ्या पाडत होता.

म्हणून एकदा आत आणलं की जागा पक्की. आणताना तीन-चार टप्पे घ्या: आधी भर उन्हातून सावलीत, मग दाराशी, मग आत. कळ्या लागल्यावर कुंडी फिरवूसुद्धा नका. मी कुंडीच्या कडेला खडूने बाण काढून ठेवलाय, खिडकीकडे तोंड करून. लादी पुसताना कुणी सरकवली तर परत तशीच लावता येते.

जागा कुठली, हे डोळ्यांना विचारू नका. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते आणि झाड उपाशी असतं. उघड्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, खिडकीशी काही हजार, आणि खोलीच्या मध्यभागी दोन-तीनशे. दुपारी पानांच्या वर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीत बोटं वेगवेगळी, रेखीव दिसली तर मोगऱ्याला चालेल. नुसता धूसर डाग पडला तर तिथे पानं जगतील, कळ्या नाहीत. मोगऱ्याला रोज पाचेक तास थेट ऊन लागतंच. तेवढं नसेल तर पांढरा एलईडी दिवा पानांपासून हातभर अंतरावर, टायमर लावून 12 ते 14 तास. वायर आणि जोडपट्टी कुंडीच्या खाली नको, बाजूला आणि उंचावर. पाणी घालताना हात चुकतोच.

एक कारण मला फार उशिरा सुचलं. मोगऱ्याची पहिली जागा जेवणाच्या टेबलाशेजारी होती, आणि टेबलावर पिकत घातलेल्या फळांची टोपली. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, आणि कळी-पान-देठ यांचा सांधा सोडवण्याचा झाडांचा इशारा म्हणजे हाच वायू. रशियात दिमित्री नेल्युबोव्ह याने 1901 मध्ये वाटाण्याच्या रोपांवर दाखवून दिलं होतं की दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनने रोपांची वाढ वेडीवाकडी होते. टोपली हलवली, कळ्या पडणं निम्म्यावर आलं. पंख्याचा, एसीचा किंवा हीटरचा थेट झोत अंगावर येत असेल तर तोही टाळा.

बहर संपला की मोगऱ्याच्या फांद्या एक तृतीयांश छाटा. त्याची फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. होया या मेणासारख्या फुलांच्या वेलाच्या बाबतीत मात्र उलट. फुलं गळाल्यावर जो बोडका देठ उरतो तो वाळका समजून कापायचा मोह होतो. कापू नका, पुढचा झुबका त्याच देठावर येतो. मी पहिल्या वर्षी सगळे कापले आणि वर्षभर पानं बघत बसले.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी

घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. कुंडीतली नाही, फुलदाणीतलीही नाही. खऱ्या लिलीचं पान, पाकळी, अंगावर सांडलेला आणि चाटलेला पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतं. डे-लिलीचंही तेच. मांजरीच्या अंगावर पराग दिसला तर लगेच पुसा आणि लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या. पीस लिली नावापुरतीच लिली. तिने तोंडाची आग आणि लाळ होते, मूत्रपिंड जात नाही.

रातराणी आत नको म्हणाले त्याचं दुसरं कारण: तिची पानं आणि विशेषतः पांढरी फळं विषारी आहेत, आणि रांगणाऱ्या मुलाला ती गोळ्यांसारखी दिसतात. नावाने फसू नका. 'नाईट जस्मिन' या पाटीखाली कुठे रातराणी मिळते, कुठे पारिजातक, आणि पिवळ्या फुलांची 'कॅरोलिना जेसमिन' तर चांगलीच विषारी. खरी मोगरा-जाई-जुई कुळातली झाडं मांजर-कुत्र्यांना विषारी नाहीत. निशिगंध आणि होयाही ठीक. अनंत खाल्ला तर प्राण्यांना उलट्या-जुलाब होतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करणारा आहे, तिच्या फांद्या जाळूही नयेत. धोत्र्याच्या नात्यातलं लोंबत्या घंटांचं ब्रुगमॅन्सिया, संध्याकाळी कितीही सुंदर दरवळो, घराबाहेर. हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला, खाज सुटते. चाफ्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सध्या आमच्याकडची स्थिती अशी: रातराणी गॅलरीच्या टोकाला. मोगरा झोपायच्या खोलीच्या खिडकीत, बाण खिडकीकडे, रोज पाचच्या सुमाराला वाटीभर कळ्या. खिडकी रात्री चार बोटं उघडी. सासूबाई आता कुंडीत स्वतः बोट खुपसून मला सांगतात, "आज नको घालूस पाणी."

अनंत तेवढा राहिलाय. त्याला माती आम्ल हवी, सामू 5 ते 6 च्या दरम्यान, आणि रात्री 16 ते 18 अंशांचा गारवा. आमची खोली त्याला फार उबदार पडते. परवा तो जिन्याच्या खिडकीत हलवला, तिथे रात्री गार असतं. पाच कळ्या होत्या, हलवल्याच्या रागात तीन टाकल्यान. दोन अजून घट्ट आहेत, आणि त्यातल्या एकीच्या टोकाला आज सकाळी पांढरी रेघ दिसली.